भोपळ्यातली म्हातारी उद्याच्या मराठवाड्यात: पहिलं विज्ञानकथेचं कॉमिक करणाऱ्यांसाठी

जुनी बालकथा विज्ञानकथेत न्यायची म्हटलं की नवखा चित्रकार आधी भोपळ्याला दिवे लावतो, वाघाला लोखंडी जबडा देतो आणि म्हातारीला चंदेरी झगा घालतो. चित्रं छान होतात, पण गोष्ट होती तिथेच राहते. परीकथेतली जादू ज्याच्या हातात असते त्याच्या बाजूने काम करते. विज्ञानकथेतला नियम कुणाच्याच बाजूचा नसतो. तो म्हातारीला जेवढा लागू, तेवढाच वाघालाही. जादू काढून तिथे असा एक नियम बसवणं, हेच या कामातलं खरं काम. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

हा लेख पहिल्यांदाच कॉमिक करायला बसलेल्यांसाठी आहे. कॉलेजातली मुलं, चित्रकलेचे शिक्षक, गोष्टी लिहिणारे पण हातात ब्रश न धरलेले, असे कुणीही. उदाहरण म्हणून मी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट घेतली आहे: लेकीकडे गेलेली आणि भोपळ्यात बसून परत आलेली म्हातारी. पहिलं पुस्तक सोळा पानांचं ठेवा. त्याहून मोठं काम पहिल्या खेपेला हाती धरू नका.

गोष्ट ऐका आणि तिचा सांगाडा काढा

छापील पुस्तक उघडायच्या आधी घरातल्या नाहीतर गावातल्या एखाद्या आजीकडून गोष्ट ऐका आणि फोनवर रेकॉर्ड करा. एकीच्या गोष्टीत वाघ, लांडगा आणि कोल्हा असतात, दुसरीच्या गोष्टीत अस्वल असतं. कुणाच्या गोष्टीत शेवटी भोपळा फुटतो, कुणाच्या गोष्टीत म्हातारी डोळ्यांत माती फेकून घर गाठते. दोन-तीन आज्यांकडून ऐकलं की सगळ्यांमध्ये सारखं काय आहे ते आपोआप वर येतं.

मग एका कागदावर सात-आठ ओळींत सांगाडा लिहा. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत प्राणी अडवतात. ती म्हणते, आत्ता माझी नुसती हाडं आहेत, लेकीकडून भरून येते, मग खा. लेकीकडे राहून ती खरंच भरते. निघताना लेक भोपळा देते. भोपळा तिच्या बोलावर चालतो. प्राणी भोपळ्यालाच म्हातारीचा पत्ता विचारतात आणि आतून उत्तर येतं. शेवटचा प्राणी आवाज ओळखतो.

आता एकेक ओळ खोडून पाहा. कोल्हा काढला तरी चालतं. जंगल काढलं तरी चालतं. पण जाताना रिकामी आणि येताना भरलेली ही ओळ काढली की गोष्ट कोसळते. तिने दिलेलं वचन काढलं तरी कोसळते. या दोन ओळींखाली लाल रेघ मारा. बाकी काहीही बदला, त्यांना हात लावू नका.

हक्कांचं थोडक्यात सांगतो. तोंडी चालत आलेली लोककथा कुणा एकाच्या मालकीची नाही. पण एखाद्या पुस्तकात ती ज्या शब्दांत आणि ज्या चित्रांत आली आहे, ते शब्द आणि ती चित्रं त्या लेखक-चित्रकाराची असतात. परदेशी लेखकाची जुनी बालकथा घेणार असाल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मूळ पुस्तकाचा हक्क संपतो. तिचं मराठी भाषांतर मात्र अलीकडचं असू शकतं आणि तिच्यावरच्या सिनेमातली पात्रांची रूपं सिनेमावाल्यांची असतात. त्यामुळे मूळ गोष्टीकडेच जा, सिनेमा डोक्यातून काढून टाका.

जादूच्या जागी नियम

इथे घाई करू नका. पेन्सिल हातात घेण्याआधी या पायरीला सगळ्यात जास्त दिवस द्या.

पहिला प्रश्न: प्राण्यांना काय हवं आहे? मूळ गोष्टीत त्यांना मांस हवं आहे. मराठवाड्यात ही गोष्ट पुढच्या शतकात नेली तर माझ्या मते एकच उत्तर प्रामाणिक ठरेल, आणि ते म्हणजे पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचं पाणी आणावं लागलं. हे ज्यांनी पाहिलं त्यांना या उत्तरासाठी कल्पनाशक्ती ताणायची गरज नाही. तर आपले वाघ, लांडगा, कोल्हा ही पाणी शोधत फिरणारी यंत्रं आहेत. कुणीतरी कधीतरी पाणी राखायला सोडलेली, मालक गेले तरी फिरत राहिलेली. पाणी कुठल्याही कातडीखाली असलं तरी ते त्यांना चालतं. माणसाच्या अंगातही वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतंच.

आता म्हातारीचं वचन पाहा. 'आत्ता मी वाळलेली आहे, लेकीकडून भरून येते.' एक शब्दही न बदलता ते नव्या गोष्टीत बसलं. लेक पैठणला, जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या काठी. म्हातारी बालाघाटातल्या कोरड्या गावची. ती रिकामी जाते आणि पाणी घेऊन येते. वाळवलेल्या भोपळ्यात पाणी ठेवायची रीत तर पूर्वापार आहे. निवडलेली कल्पना बरोबर आहे की नाही हे असंच ओळखायचं: जुन्या गोष्टीचे तुकडे न तासता नव्या जागी बसायला लागतात. ओढूनताणून बसवावे लागत असतील तर कल्पना बदला.

दुसरा प्रश्न: भोपळा लपवतो कसा? यंत्रांना उष्णता दिसते असं धरू. रात्री रान थंड होतं आणि माणसाचं अंग गरम राहतं, म्हणून अशा नजरेला माणूस पेटलेल्या पणतीसारखा उठून दिसतो. पण पाण्याचा पातळ थरही अंगातून निघणारे उष्णतेचे अवरक्त किरण अडवतो. म्हणून लेकीने दिलेल्या भोपळ्याला दुहेरी भिंत आहे आणि मधल्या पोकळीत पाणी भरलं आहे. बाहेरून दिसतं ते पाण्याचं तापमान, म्हातारीचं नाही. ज्या पाण्यासाठी यंत्रं मागे लागली आहेत, तेच पाणी तिला लपवतं.

आता हिशेब करा, आणि तो खरोखर कागदावर करा. स्वस्थ बसलेलं माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. भिंतीत १२० लिटर पाणी असेल तर तेवढ्या उष्णतेने ते तासाला पाऊण अंशाने तापतं. पाणी २० लिटरच उरलं तर तासाला चार अंशांहून जास्त तापतं. म्हणजे पाणी कमी झालं की भोपळा लवकर 'दिसायला' लागतो.

तिसरा प्रश्न: टुणुक टुणुक कसं? हवेच्या पिशव्यांवर उसळत जाणारी पेटी ही कल्पना वाटते तेवढी बालिश नाही. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेलंच उतरलं. पहिली उडी सुमारे १५ मीटर उंच गेली आणि त्यानंतरही बऱ्याच उड्या मारून ते थांबलं. आपल्या भोपळ्याच्या बुडाला अशीच एक पिशवी आहे आणि प्रत्येक उडीला ती ठरावीकच जोर देते. म्हातारी ४० किलो, रिकामा भोपळा ४० किलो, पाणी १२० किलो, मिळून २०० किलो. त्यातलं १०० लिटर पाणी सोडलं तर वजन निम्मं होतं आणि तेवढ्याच जोरात उडी दुप्पट उंच जाते.

हे तिन्ही धागे आता एकत्र आले. पाणी राखलं तर ती लपते, पण भोपळा जड, कसाबसा गडगडत जातो. पाणी सोडलं तर भोपळा उसळतो, पण तापून दिसायला लागतो आणि गावाला न्यायचं पाणीही जातं. तोटीवर हात ठेवून म्हातारीला दर वेळी ठरवावं लागतं. जादूच्या भोपळ्यात तिला काहीच ठरवावं लागत नव्हतं. वाचणारं मूल पान उलटताना 'सोडू नको, सोडू नको' असं म्हणायला लागलं, तर ते या नियमामुळे म्हणेल.

नियमातून शेवटही निघतो, तो बाहेरून आणायचा नाही. दिवसातून दोनदा, तापताना आणि निवताना, जमीन आणि तिच्यावरची वस्तू सारख्याच तापमानाला येतात आणि उष्णता पाहणारी नजर तेवढ्यापुरती आंधळी होते. शेवटच्या कोल्ह्यापाशी पोचेपर्यंत रात्र सरलेली, भिंतीतलं पाणी संपत आलेलं, भोपळा चांगलाच तापलेला. पण वैशाखातली सकाळ आहे आणि काळी माती भराभर तापते आहे. म्हातारीला फक्त बोलून वेळ काढायचा आहे. मूळ गोष्टीतला सवाल-जवाब इथे जीवनमरणाचा होतो. कोल्हा मात्र आवाज ओळखणारा आहे, त्याला कानही आहेत. मग तो काय करतो, ते तुम्ही ठरवा. एकच अट: आधी न सांगितलेलं नवं यंत्र किंवा नवा गुण शेवटच्या चार पानांत आणू नका.

तुम्ही वेगळी गोष्ट घ्याल, वेगळा नियम घ्याल. तरी तपासणी हीच: नियम एका वाक्यात सांगता येतो का, तो दोन्ही बाजूंना लागतो का, आणि त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते का. तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच पुढे जा.

गाव खरं ठेवा

भविष्यकाळ म्हटला की काचेचे मनोरे काढायचा मोह होतो. तो आवरा. बेसॉल्टचा काळा दगड, काळी भेगाळलेली रानं, बाभळी, माळवदाची घरं हे सगळं शंभर वर्षांनीही कुठल्यातरी रूपात असणारच आहे. माळवदावर पाणी गोळा करणारी जाळी आली असेल, पण खाली उंबरा आणि रांजण तसाच असेल. म्हातारीला इरकल लुगडंच असू द्या. तिच्या कमरेला पाण्याचं मोजमाप दाखवणारा काटा लटकवलात की काळ बदलल्याचं वाचकाला पुरेसं कळतं.

जागा प्रत्यक्ष पाहून काढा. जायकवाडीचं धरण सुमारे १० किलोमीटर लांबीचं मातीचं धरण आहे, त्याला २७ दरवाजे आहेत. भविष्यातलं रिकामं धरण काढायचं असेल तर आधी आजचं भरलेलं आणि उन्हाळ्यातलं ओसरलेलं, दोन्ही पाहून या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब अशा दोन भुजांमधून लेसरचा किरण धावेल आणि दूरच्या कृष्णविवरांच्या धडकेने अवकाशात उठलेली थरथर तो टिपेल. ज्वारीच्या रानात चार किलोमीटरची सरळ नळी! विज्ञानकथा काढणाऱ्याला आपल्या जिल्ह्यात याहून काय हवं? म्हातारीची वाट शंभर वर्षांनंतरच्या त्या भुजेच्या कडेने जाऊ द्या.

वाघही गोष्टीपुरता उरलेला नाही. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ चालत मराठवाड्यातल्या गौताळा अभयारण्यात आला. तुमच्या यांत्रिक वाघाची चाल खऱ्या वाघावरून घ्या. खांदे खाली, मान पुढे, पाऊल अंदाज घेत टाकलेलं.

संवाद बोलीतच लिहा. फक्त जिल्हा ठरवा आणि तो पाळा. लातूर-धाराशिवकडचं 'करलालो' आणि परभणी-नांदेडकडचं 'करायलो' एकाच म्हातारीच्या तोंडी घालू नका. यंत्रांना हवं तर शुद्ध पुस्तकी मराठी द्या, म्हणजे संवादाचा फुगा कुणाचा आहे हे शेपटी न पाहताही कळेल.

चौकटी शिकायला अजिंठ्याला जा

कॉमिक म्हणजे ओळीने मांडलेली चित्रं आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. ही विद्या आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून भिंतीवर आहे. दहाव्या लेण्यातली जुनी चित्रं पट्टीसारखी लांबच लांब पसरली आहेत, त्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची जातककथा आहे. सतराव्या लेण्यात पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी चौकटीच्या रेघा न मारता प्रसंग वेगळे केले आहेत. महालाचा खांब, दार, झाड किंवा खडकांची रांग आली की प्रसंग बदलला. तेच पात्र एकाच चित्रात दोनदा-तीनदा येतं आणि तरी घोटाळा होत नाही, कारण पात्राची नजर आणि हाताचा इशारा आपल्याला पुढच्या प्रसंगाकडे ढकलतो.

तिथे वही घेऊन जा आणि एकच गोष्ट शोधा: चित्रकाराने माझी नजर इथून तिथे कशी नेली? ते बाणांनी वहीत टिपा. प्रकाश मंद असतो, फ्लॅश वापरू नका, डोळे सरावू द्या. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, तेवढं पाहून निघा. वेरूळला सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलास मंदिरात, रामायण-महाभारताचे प्रसंग एकाखाली एक पट्ट्यांत कोरले आहेत. पानावर ओळी कशा लावायच्या, हे तिथे दगडात शिकायला मिळतं.

आपल्या पुस्तकात याचा थेट उपयोग आहे. म्हातारीचा परतीचा प्रवास दोन समोरासमोरच्या पानांवर चौकटी न पाडता काढा. एकच रान आणि त्यात भोपळा पाच जागी, दर उडीगणिक वर. मध्ये बाभळ आली की वेळ पुढे सरकली.

पटकथा, मग खरडा, मग चित्र

पटकथा पानवार लिहा. एका पानावर चार ते सहा चौकटी, एका फुग्यात फार तर वीस-पंचवीस शब्द. नमुना असा:

पान ९. चौकट १, रुंद: रात्र, नांगरलेलं रान, लांबवर भोपळा. चौकट २, वाघाच्या नजरेतून: सगळीकडे काळोख, भोपळाही काळाच. चौकट ३: वाघ म्हणतो, "भोपळ्या, या वाटेने एखादी वृद्ध स्त्री गेली काय?" चौकट ४, भोपळ्यातून आवाज: "कसली म्हातारी अन् कसलं काय! मला न्हाई ठावं." चौकट ५, आतून: म्हातारीचा हात तोटीवर.

सोबतचं पालुपद आजीच्या गोष्टीतलं जसंच्या तसं उचलू नका, त्याच ठेक्यात स्वतःचं बांधा. ते तीनदा येईल आणि दर वेळी त्यातला एक शब्द बदलेल, कारण दर वेळी पाणी कमी झालेलं असेल.

मग एका मोठ्या कागदावर सोळा छोटे आयत काढून सगळं पुस्तक खरडून पाहा. काडीची माणसं पुरेत. इथे पाहायचं ते हे की धक्का देणारी चौकट पान उलटल्यावर डाव्या हाताला येते का. समोरच्याच पानावर आली तर वाचणाऱ्याची नजर आधीच तिथे जाते. खरडा पाचवी-सहावीतल्या मुलांना फुग्यांशिवाय दाखवा आणि काय झालं ते त्यांनाच सांगू द्या. जिथे ती अडतात तिथे चित्र बदला, खुलाशाची ओळ लिहू नका.

चित्र छापील आकाराच्या दुप्पट कागदावर करा. ए-४ वर काढून ए-५ ला छापलं की रेघ नेटकी दिसते. पुस्तक काळं-पांढरंच ठेवा. खर्च वाचतोच, शिवाय या गोष्टीला ते शोभतं. माणसाच्या नजरेची चौकट पांढऱ्यावर काळ्या रेघेची, यंत्राच्या नजरेची चौकट काळ्यावर पांढऱ्या आकाराची. शब्द न वापरता वाचक नजर बदलायला शिकतो. फक्त झेरॉक्सवर मोठा सपाट काळा रंग डागाळतो, म्हणून अशा चौकटी लहान ठेवा.

संगणकावर काम करणार असाल तर चित्रासाठी क्रिता आणि अक्षरांसाठी इंकस्केप, दोन्ही फुकट आहेत. अक्षरं टाकण्याआधी 'शुद्ध', 'सुऱ्या', 'रक्त' असे शब्द टाइप करून जोडाक्षरं नीट जुळतात का ते पाहा. कलम, बालू, मुक्ता हे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात. कलमचं वळण हाताच्या अक्षरासारखं आहे, ते फुग्यांना चांगलं दिसतं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतो, म्हणून दोन ओळींत जागा जास्त सोडा आणि फुगा चित्राच्या आधी आखा. चित्र पूर्ण झाल्यावर फुगा कोंबला की कुणाचं तरी डोकं कापलं जातंच.

छपाई

मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. सोळा पानांना ए-४ चे चार कागद. काठाला सगळीकडून ३ मिलिमीटर चित्र जास्तीचं ठेवा आणि महत्त्वाचं काही काठाजवळ आणू नका. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपी दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात, त्यामुळे तुमची फाइल तिथे उघडली की अक्षरांचा चुराडा होतो. अक्षरं रेघांत (आउटलाइनमध्ये) बदलून, ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची, पीडीएफच द्या. आधी एकच प्रत काढून, पिना मारून, पानं उलटून पाहा. मगच बाकीच्या काढा.

दिवाळी अंकांना पाठवायचं असेल तर जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, त्याआधी काम हातावेगळं करा. शाळा, सार्वजनिक वाचनालयं, गावची जत्रा, पुस्तक प्रदर्शनातला कोपरा इथे प्रती ठेवता येतात. आतल्या मुखपृष्ठावर तुमच्या नावाआधी मूळ गोष्ट कुणाकडून ऐकली त्यांचं नाव आणि गाव, त्यांना विचारून, छापा. आणि मलपृष्ठाच्या आत अर्धं पान पाण्याचा तो हिशेब मांडा. किती लिटर, किती किलो, किती अंश. ज्या मुलांना वाघापेक्षा तोच जास्त आवडेल ती त्यात चूक शोधायला बसतील, म्हणून छापण्याआधी विज्ञानाच्या एखाद्या शिक्षकाकडून तो तपासून घ्या.